थुनेर वाचवायचा असेल तर: ओळख, नोंद, कटिंग आणि लागवड

आधी हे झाड माझ्या आयुष्यात कसं आलं ते सांगते, म्हणजे एवढं सविस्तर का लिहितेय ते कळेल. आत्याची केमो चालू होती नाशिकला, तेव्हा सलाईनला लावलेल्या बाटलीवर पॅक्लिटॅक्सेल असं नाव वाचलं होतं, त्यापलीकडे काही माहिती नव्हती. पुढच्याच वर्षी उत्तराखंडात चोपताच्या बाजूला ट्रेकला गेलो असताना आमच्या गाईडने रस्त्याच्या खाली एक झाड दाखवलं, खालून छातीच्या उंचीपर्यंत साल सोललेली, आतलं लाकूड उघडं पडलेलं, वरची अर्धी पानं तपकिरी. म्हणाला, दीदी ये थुनेर है, कॅन्सर की दवाई वाला पेड. मी तिथंच बसले. ज्या औषधाने आत्या बरी होत होती त्याचं नातं असलेलं झाड माझ्यासमोर मरत होतं आणि मला ते पाईन आहे की फर आहे एवढंही सांगता आलं नसतं.

त्यानंतर दरवर्षी त्या भागातल्या एका गावात जाते, तिथल्या वन पंचायतीच्या (गावाचं जंगल सांभाळणारी गावकऱ्यांची समिती) छोट्या नर्सरीत जमेल तसं काम करते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे येईलच. आपल्याकडून दरवर्षी हजारो लोक हिमालयात ट्रेकला जातात, काहीजण तिथल्या गावांशी कायमचे जोडले जातात, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

हे झाड नेमकं काय आहे

इंग्रजीत यू म्हणतात त्या कुळातलं, कायम हिरवं राहणारं सूचिपर्णी झाड. गढवाल कुमाऊंत थुनेर, हिमाचलात राखल, काश्मीरकडे बिर्मी किंवा पोस्तल. जुन्या पुस्तकांत टॅक्सस बकाटा असं नाव सापडेल पण ते युरोपातल्या झाडाचं, आता पश्चिम हिमालयातल्या जातीला टॅक्सस कॉन्टोर्टा म्हणतात आणि मध्य नेपाळपासून पूर्वेला, म्हणजे सिक्कीम, अरुणाचल वगैरेकडच्या जातीला टॅक्सस वॉलिचियाना. सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदांत पश्चिमेकडचीच जात टॅक्सस फुआना या नावाने दिसते, त्यामुळे कागद वाचताना गोंधळू नका. दोन्ही जाती आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या लाल यादीत धोक्यातल्या म्हणजे एन्डेंजर्ड वर्गात आहेत, त्यातली पश्चिमेकडची 2011 मध्ये त्या वर्गात गेली, आणि कारणं म्हणून औषधासाठीची तोड, सरपण आणि चारा हीच दिलेली आहेत.

औषधाची गोष्ट थोडक्यात सांगते. 1962 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या जंगलात आर्थर बार्कले या वनस्पतीतज्ज्ञाने तिथल्या पॅसिफिक यूची साल गोळा केली, नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी त्यातलं पॅक्लिटॅक्सेल हे द्रव्य वेगळं काढलं आणि 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. हे वाणी आपल्या नंदुरबारला जन्मलेले, 1925 सालचे, शिकले मुंबई विद्यापीठात. हे कळलं तेव्हा मला खूप भरून आलं होतं, शाळेत कुणी सांगितलं नाही कधी. डिसेंबर 1992 मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी औषधाला मान्यता मिळाली आणि जगभर यूच्या मागे लोक लागले. सालीत हे द्रव्य इतकं कमी असतं की एक किलोसाठी साधारण तीन हजार झाडं लागायची असं तेव्हा सांगितलं जायचं. आता औषध यूच्या पानांतल्या एका द्रव्यावर प्रक्रिया करून किंवा वनस्पतीच्या पेशी टाक्यांत वाढवून बनवतात, जंगलातली साल सोलायची गरज उरलेली नाही, पण नव्वदच्या दशकात हिमालयात या झाडांची जी तोड झाली तिची भरपाई हे झाड आपल्या वेगाने करतं आणि तो वेग फार फार कमी आहे.

पहिली पायरी: ओळखायला शिका, घाई न करता

साधारण 1800 ते 3300 मीटर उंचीवर, बहुतेक वेळा मोठ्या झाडांच्या सावलीत, देवदार, फर, खर्सू (ओकचा एक प्रकार) आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) मध्ये, खाली रिंगाळाची (डोंगरातल्या बारीक बांबूची) दाटी, ओलसर उतार, उत्तरेकडे तोंड असलेला. ट्रेकच्या पायवाटेला लागून सहसा दिसत नाही, थोडं आत बघावं लागतं. मोकळ्या उन्हात एकटं उभं असेल तर बहुतेक ते दुसरं काहीतरी आहे.

खोड बघा. साल पातळ, लालसर तपकिरी, पापुद्रे सुटतात. पान चपटं, दोन ते साडेतीन सेंटिमीटर, फांदीच्या दोन बाजूंना कंगव्यासारखं लागलेलं, टोक अणकुचीदार पण हाताला फार बोचत नाही, वरून गडद हिरवं आणि खालून फिकट पिवळसर हिरवं. फरच्या पानाशी गोंधळ होतो आणि तो सगळ्यांचा होतो. फरचं पान उलटं करा, खाली दोन पांढुरक्या रेषा दिसतील आणि टोकाला बारीक खाच असेल. थुनेरला पांढऱ्या रेषाही नाहीत आणि खाचही नाही. एवढी एक खूण पक्की झाली की नव्वद टक्के काम झालं. आणि फरला शंकू येतात, थुनेरला लाकडी शंकू येतच नाहीत, मादी झाडाला सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये बारकी लाल, मऊ, कपासारखी फळं येतात आणि कपाच्या आत एकच बी दिसतं.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायचीय. या झाडाचं बी, पान, साल, लाकूड सगळं विषारी आहे, फक्त तो लाल गर सोडून, आणि विष थेट हृदयावर काम करतं. बरोबर मुलं असतील तर लाल फळं दिसली की ती तोंडात जाणार, त्यामुळे आधीच सांगून ठेवा. घोडे खेचरं बांधताना पण थुनेरखाली बांधायची नाहीत.

नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. हे वाक्य लक्षात ठेवा कारण पुढच्या सगळ्या कामाचा जीव यात आहे. मार्च एप्रिलमध्ये नर झाडाच्या फांदीखाली पानांच्या बगलेत बारीक गोल पिवळसर गुंड्या दिसतात, टिचकी मारली की परागाचा धूर उडतो. मादीला त्याच काळात फक्त हिरवट कळीसारखं काहीतरी, भिंग असेल तर बरं. म्हणून मादी ओळखायला सोपा काळ म्हणजे ऑक्टोबर.

दुसरी पायरी: उभी झाडं मोजा, आणि जागा जाहीर करू नका

लागवडीचा विचार मनात आला की सगळे नर्सरीकडे धावतात, मी पण धावले होते. पण शंभर वर्षांचं एक उभं झाड वाचवणं हे हजार रोपं लावण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे, कारण ते आत्ता बी देतंय आणि तुमचं रोप बी द्यायला कित्येक वर्षं घेणार. त्यामुळे आधी नोंद.

एक वही, एक मोजपट्टी, फोन. प्रत्येक झाडाला नंबर द्या (खिळा ठोकून नाही, वहीत). जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजा, वनखात्याची पद्धत हीच आहे म्हणून त्यांच्या आकड्यांशी जुळतं. उतारावर असाल तर वरच्या बाजूने मोजायचं. नर, मादी की माहीत नाही ते लिहा. सालीची अवस्था लिहा: न सोललेली, एका बाजूने सोललेली, पूर्ण गोल सोललेली. पूर्ण गोल सोललेलं झाड वाचत नाही, पानात तयार झालेलं अन्न मुळापर्यंत जायचा रस्ताच तुटतो, वर दोन वर्षं हिरवं दिसलं तरी ते गेलेलं असतं. एका बाजूने सोललेलं मात्र कित्येक वर्षं जगतं, कडेने नवी साल सरकत येते, त्यामुळे अशा झाडांवर लक्ष ठेवणं फार महत्त्वाचं.

मग झाडाखाली दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखून त्यात बारकी रोपं किती आहेत ते शोधा. मोठी झाडं भरपूर आणि खाली एकही रोप नाही असं दिसलं तर ते जंगल बाहेरून हिरवं असलं तरी आतून म्हातारं होत चाललंय, आणि मग कारण शोधायचं. बकऱ्या मेंढ्या चरतात का, पालापाचोळा झाडून नेतात का, की आजूबाजूला मादी झाडंच उरली नाहीत. आमच्याकडे एका उतारावर सगळी उरलेली झाडं नर निघाली, हे ऑक्टोबरमध्ये दोन वर्षं ओळीने फिरल्यावर कळलं.

आता जागेचं. फोनच्या फोटोत लोकेशन सेव्ह होतं, ते बंद करा. निसर्ग नोंदींच्या ॲपवर टाकत असाल तर लोकेशन अस्पष्ट ठेवायचा ऑप्शन असतो, तो वापरा. ग्रुपवर, रीलवर, ब्लॉगवर नेमकी जागा टाकू नका, साल आणि पाला गोळा करून विकणारे अजून आहेत. वही मात्र दोन ठिकाणी द्या, वन पंचायतीकडे आणि रेंज ऑफिसला. (तिकडे वन पंचायतीच्या प्रमुखाला सरपंच म्हणतात आणि ग्रामपंचायतीच्या प्रमुखाला प्रधान, आपल्या डोक्यात सरपंच म्हणजे वेगळंच असतं त्यामुळे भेटायला जाताना नीट विचारून घ्या.)

तिसरी पायरी: परवानगी

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळायचा नाही. 1995 पासून पूर्वेकडची जात आणि 2005 पासून पश्चिमेकडची जात सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 ला जी दुरुस्ती झाली तिच्यात सायटीसच्या याद्या चौथ्या अनुसूचीत आल्या. शिवाय राखीव जंगलातून फांदी काढणंही वनगुन्हाच आहे. त्यामुळे कटिंग (नवं रोप करायला कापलेला फांदीचा तुकडा) घ्यायचं असेल तर वन पंचायतीचा ठराव आणि डीएफओ (विभागीय वनाधिकारी) ऑफिसची लेखी परवानगी, दोन्ही हातात असल्याशिवाय सिकेटर (छाटणीची कात्री) बाहेर काढू नका. अर्जात लिहा: किती झाडांवरून, प्रत्येकी किती कटिंग, नर्सरी कुठे, रोपं कुठे लावणार. शिमल्याची हिमालयन फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट आणि अल्मोड्याजवळ कोसी कटारमलची गोविंद बल्लभ पंत संस्था, दोन्हीकडे या झाडावर काम झालंय, त्यांच्याकडून तांत्रिक सल्ल्याचं पत्र मिळालं तर अर्जाला वजन येतं.

चौथी पायरी: कटिंग, हीच सगळ्यात मोठी पायरी

बियांपासून का नाही, ते पुढे सांगते. आधी कटिंग कारण नर्सरीचा ऐंशी टक्के वेळ यातच जातो.

कोणत्या झाडावरून घ्यायचं हे कधी घ्यायचं यापेक्षा महत्त्वाचं आहे. जुन्या झाडाच्या फांदीला मुळं फुटायला खूप त्रास होतो, तरुण झाडाच्या फांदीला त्यामानाने सहज फुटतात. जुन्याच झाडावरून घ्यावं लागलं तर बुंध्याजवळून फुटलेले ताजे, सरळ वर जाणारे कोंब घ्या. आणि इथेच ती चूक होते जी आम्ही केली. पहिल्या वर्षी हाताला येतील त्या आडव्या फांद्यांची कटिंग घेतली, मुळंही फुटली, सगळे खूश, आणि दोन वर्षांनी बघतो तर रोपं उभी वाढायचीच नाहीत, फांदीसारखी आडवी पसरायची. आडव्या फांदीची सवय रोपात राहते, यूमध्ये हे ठळकपणे होतं. काठीला बांधून काही सरळ केली पण त्यात गेलेली वर्षं परत येत नाहीत. म्हणून सरळ वर जाणारा शेंडा किंवा कोंब, बाकी काही नाही.

नर मादीचं परत सांगते. कटिंग ज्या झाडाचं, रोप त्याच लिंगाचं. एकाच सोयीच्या झाडावरून दोनशे कटिंग घेतली तर दोनशे नर लावाल आणि बी कधीच धरणार नाही. कमीत कमी दहा पंधरा झाडांवरून घ्या, नर आणि मादी दोन्ही, एकमेकांपासून लांबची, पण त्याच खोऱ्यातली. दुसऱ्या खोऱ्यातून किंवा दुसऱ्या राज्यातून आणलेली रोपं जंगलात लावू नका, जागेजागेच्या झाडांत फरक असतो आणि तो जपायचा असतो. एका झाडावरून फार तर वीसेक बारीक कोंब, सालीला न ओरबाडता, आणि दर झाडानंतर सिकेटर स्पिरिटने पुसायचं.

वेळ म्हणाल तर दोन आहेत, कळ्या फुटायच्या आधी फेब्रुवारी अखेर मार्चमध्ये, नाहीतर पाऊस ओसरताना. मला पहिली आवडते कारण तेव्हा झाड झोपेत असतं आणि पुढे उन्हाळ्याची ऊब मिळते. सकाळी लवकर काढा, ओल्या कापडात गुंडाळा, सावलीत ठेवा, शक्यतो त्याच दिवशी लावा.

पंधरा ते वीस सेंटिमीटरचा तुकडा, सगळ्यात अलीकडच्या हंगामाची वाढ आणि बुडाला थोडंसं त्याआधीच्या हंगामाचं लाकूड. खालच्या एक तृतीयांश भागातली पानं हाताने अलगद काढा, कातडी सोलू नका. बुडाला तिरका काप. मग बाविस्टिनच्या (बुरशीनाशकाच्या) पाण्यात, लिटरला दीड दोन ग्रॅम, दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि बाहेर काढून पाणी निथळू द्या. हातात ग्लोव्हज घाला, झाड पण विषारी आणि औषध पण.

रुटिंग हार्मोन म्हणजे आयबीए. बाजारात तयार पावडर मिळते पण त्यात किती टक्के आहे ते नीट वाचा, मऊ फांद्यांसाठीची पावडर थुनेरला कमी पडते. आम्ही तीन हजार पीपीएमची करतो: शंभर ग्रॅम टाल्कम पावडरला 0.3 ग्रॅम आयबीए, आधी ते थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, टाल्कमध्ये कालवायचं, सावलीत सुकवून परत बारीक करायचं. सुगंधी टाल्कम घेऊ नका, साधी घ्या. बुडाचे दोन सेंटिमीटर पावडरमध्ये टेकवा, जास्तीची झटका. जास्त हार्मोन म्हणजे जास्त मुळं असं होत नाही, बुडं काळी पडतात.

माध्यम म्हणून नदीची जाड वाळू, तीनदा धुतलेली, एवढंच पुरतं, परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खनिज दाणे) मिळालं तर निम्मं निम्मं मिसळा. माती नको, शेणखत तर अजिबात नको. आधी काडीने भोक पाडा आणि मग कटिंग चार पाच सेंटिमीटर आत बसवा, थेट खुपसलं तर पावडर वरच पुसली जाते. प्रत्येक ओळीला पाटी: झाडाचा नंबर, नर की मादी, तारीख. पाटी पेन्सिलने लिहा, मार्करची शाई तिकडच्या उन्हात एका सीझनमध्ये उडते.

वर बांबूच्या कमानी, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर हिरवी शेडनेट. आत दमट हवा पाहिजे पण वाळूत पाणी साचायला नको. आमच्या दुसऱ्या वर्षीचे दोन ट्रे पूर्ण कुजले कारण रोज पाणी घालायचं असं ठरलं होतं आणि आभाळ असो की ऊन, पोरं इमानदारीने रोज घालत राहिली. चूक त्यांची नव्हती, आम्ही सांगायला पाहिजे होतं की मूठभर वाळू दाबून बघा, ओलसर लागली तर नुसता पानांवर फवारा मारा. दुपारी तासभर प्लॅस्टिकची कड उचलून हवा खेळू द्या.

मग वाट बघणं. तीन महिने, कधी पाच सहा. कटिंग हिरवं आहे म्हणजे मूळ फुटलं असं नाही, थुनेरचं कटिंग मुळाशिवायही कित्येक महिने हिरवं राहतं. उपटून बघायचा मोह सगळ्यांना होतो, बघू नका. शेंड्याला फिकट पोपटी नवी पालवी आली आणि ती टिकली की मग एखादं हलक्या हाताने हलवा, आतून धरून ठेवल्यासारखं लागलं तर मुळं आली.

बियांचं

बी आवश्यकच आहे कारण कटिंग म्हणजे त्याच झाडाची नक्कल आणि बी म्हणजे नवीन मिश्रण, जंगलाला दोन्ही पाहिजेत. पण बी फार दमवतं. पिकलेली लाल फळं ऑक्टोबरमध्ये गोळा करा, सगळी नाही, पक्ष्यांना भरपूर ठेवा कारण तेच या झाडाचे खरे पेरणारे आहेत, गर पचवतात आणि बी लांब नेऊन टाकतात. गर पाण्यात चोळून धुवा, तरंगणारं बी फेका, बुडालेलं घ्या. ओल्या वाळूत पेटीमध्ये थर लावून पेटी सावलीत बाहेरच ठेवा, वर बारीक जाळी पक्की बसवा कारण उंदीर सगळं संपवतात. बीच्या आतला गर्भ पूर्ण वाढलेला नसतो, त्याला एक उबदार काळ आणि मग एक थंडी लागते, त्यामुळे पहिल्या वसंतात काहीही उगवत नाही. दुसऱ्या वसंतात उगवतं. पहिल्या वसंतात पेटी रिकामी समजून वाळू फेकून दिलेली मी डोळ्याने पाहिलीये, दुसऱ्या एका गावात, आणि फार वाईट वाटलं होतं. पेटीवर मोठ्या अक्षरात लिहा: अमुक सालापर्यंत फेकू नये.

पाचवी पायरी: नर्सरीतून जंगलात

मुळं फुटलेली कटिंग पिशवीत नाहीतर रूट ट्रेनरमध्ये (मुळं सरळ खाली वाढवणारे उभे कप्पे) लावा. मिश्रणात निम्मी जंगलातली कुजलेल्या पानांची माती, बाकी वाळू आणि साधी माती. जमलं तर थुनेरच्याच खालची एक दोन मुठी माती मिसळा, मुळांशी राहणारी उपयोगी बुरशी त्यातून येते. हिवाळ्यात बर्फ पडायच्या आधी पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवा, बाजूने गवताचं आच्छादन. दोन तीन वर्षं नर्सरीत, रोप फूटभर होईपर्यंत. एक वर्षाची रोपं लावायचा दबाव येतो, कार्यक्रम असतो, पाहुणे असतात, फोटो असतात, पण बोटभर रोप रिंगाळात हरवतं आणि मरतं. ठाम राहा.

लावायचं पावसाळ्याच्या सुरुवातीला, जुलैमध्ये. मोठ्या झाडांच्या सावलीत, उत्तरेकडच्या उतारावर, जिथे ओल आहे पण पाणी उभं राहत नाही. उघड्या माळावर थुनेर लावू नका, कितीही जागा रिकामी दिसली तरी. दीड फुटाचा खड्डा, एकमेकांपासून तीनेक मीटर, आणि नर मादी मिसळून, वहीत नकाशा काढून. पराग वाऱ्याने जातो त्यामुळे मादींच्या आजूबाजूला नर विखुरलेले असावेत.

कुंपण हवंच. विषारी असूनही हरणवर्गातले प्राणी याचे कोंब आवडीने खातात, बकऱ्याही तोंड लावतात. आम्ही प्रत्येक रोपाभोवती दगडांचं छोटं कडं आणि वर काटेरी फांद्या ठेवतो, तारेपेक्षा स्वस्त पडतं आणि गावातल्यांनाच करता येतं. पहिली तीन वर्षं आजूबाजूचं रिंगाळ आणि गवत वर्षातून दोनदा कापायचं, पूर्ण साफ नाही करायचं, सावली लागते. उन्हाळ्यात वणव्याची पट्टी साफ ठेवणं हे सगळ्यात मोठं काम, याची साल पातळ, आग सोसत नाही.

गावातल्या जुन्या वापराबद्दलही बोलायला हवं, पण आदराने. भोटिया (तिथल्या उंच डोंगराळ भागातला समाज) घरांमध्ये सालीचा चहा पिढ्यानपिढ्या आहे, काही ठिकाणी साल उगाळून टिळाही लावतात. त्या वापराने जंगल संपलं नाही, बाहेरच्या मागणीने संपलं, हे आधी आपण मान्य करायचं आणि मग बोलायचं. आमच्या गावात बायकांनीच ठरवलं की उभ्या झाडाची साल नाही काढायची, पडलेल्या फांदीची घ्यायची. हे आम्ही सुचवलं असतं तर कुणी ऐकलं नसतं असं मला खरंच वाटतं.

महाराष्ट्रात बसून काय

सगळे विचारतात की रोप पुण्यात कुंडीत लावू का, महाबळेश्वरला लावू का. नको. याला बर्फाची थंडी लागते, आपल्या उन्हाळ्यात ते टिकणार नाही, आणि एक धोक्यातलं रोप वाया जाईल.

पण एक काम आहे जे फक्त इथेच होऊ शकतं. काष्ठौषधींच्या दुकानात तालीसपत्र मिळतं, तालीसादी चूर्णात जातं, खोकल्याला घरोघरी देतात. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधसंहितेत तालीस म्हणजे हिमालयातल्या फरची पानं, अबीस वेबियाना. पण बाजारात त्या नावाखाली थुनेरची पानं येतात हे जुनं दुखणं आहे, म्हणजे झाडालाही धोका आणि घेणाऱ्यालाही. आता मघाची खूण वापरा. पुडीतली दहा बारा पानं गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, सरळ करा, उलटी करा. टोकाला खाच आणि खाली दोन फिकट रेषा म्हणजे फर. टोक अणकुचीदार, रेषा नाहीत, म्हणजे घेऊ नका, वापरू नका, दुकानदाराला शांतपणे दाखवा. बहुतेकांना खरंच माहीत नसतं, त्यांच्याकडे पोतं जसं येतं तसं ते विकतात. भुकटी असेल तर डोळ्याने काहीच कळत नाही, म्हणून अख्खी पानं मागा आणि आपल्या वैद्यांना दाखवूनच पुढे जा.

आणि कुणाच्या घरी कॅन्सरचा पेशंट असेल आणि कुणी थुनेरची साल किंवा चहा आणून देत असेल तर कृपा करून देऊ नका. सालीत विष भरपूर आणि औषध नगण्य. पॅक्लिटॅक्सेल हॉस्पिटलमध्ये मोजून शिरेतून दिलं जातं, त्याचा आणि उकळलेल्या सालीचा काही संबंध नाही. आत्याला पण एकाने आणून दिली होती, प्रेमानेच. तिने ती उघडलीच नाही, मला दिली, आणि त्या पिशवीत सालीचे हातभर लांब सलग तुकडे होते, म्हणजे उभ्या झाडाचे.

या वर्षी जाणार असाल तर ऑक्टोबरमध्ये जा, लाल फळं दिसतात तेव्हा. पावसाळ्यात लागवडीला हात भरपूर मिळतात, ऑक्टोबरच्या मादी मोजणीला आणि फेब्रुवारीच्या कटिंगला कुणी नसतं. मोजपट्टी, पेन्सिल, भिंग आणि गरम मोजे एवढं घ्या, वही तिथे आहे. आमच्या वहीत सत्तावीस नंबरच्या झाडापुढे अजून "माहीत नाही" असंच लिहिलेलं आहे, खूप उंच आहे आणि खालच्या फांद्या नाहीत, दुर्बीण असलेलं कुणी आलं तर यंदा तेवढं भरून टाकू.